माधवगंजचा घरचा भाव

३ जून
जेवताना बाबा म्हणाले, "डॉलर कितीला ते बँक रोज सांगते. मग तुला डाळीचा भाव विचारत का फिरवतात?" घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही अर्थशास्त्राची, आणि पोळी गार होईपर्यंत नुसती "म्हणजे असं की..." करत राहिले. बाबा हसले. "बरं, पगार तर देतात ना?" देतात. ऑफिससाठी बाजारभाव नोंदवायच्या या कामाचा करार सप्टेंबरपर्यंत. पुढचं आमच्या साहेब, मिश्रा मॅडमच्या शेऱ्यावर.

५ जून
मॅडमबरोबर फूलबागजवळ कपड्यांची दुकानं. काय बाई आहे! दुकानदार शर्टाचं कौतुक करतोय, आणि या कॉलर उलटून लेबल वाचतायत. "सूती नहीं, मिलावट है. आगे चलो." चार दुकानं झाली, सगळ्या देशांना दिलेल्या यादीतला शुद्ध सुती शर्ट पाचव्यात सापडला. तिकडे नैरोबीत, लिमात कुणीतरी असाच उन्हातान्हात हाच शर्ट शोधत असेल. मग तुलना: तो तिथे त्यांच्या पैशात कितीला, इथे रुपयांत कितीला. अशा शेकडो वस्तू जोडल्या की कळतं, रुपयात इथे खरं किती येतं. बँकेच्या दरातून ते कळत नाही, तो देशादेशांत विकल्या जाणाऱ्या मालावर ठरतो. केस कापायला कुणी लिमाला जात नाही ना!
बाबांना हेच सांगितलं. "मग आपला रुपया दिसतो तेवढा गरीब नाही," म्हणाले. किती सरळ समजले.

९ जून
माधवगंज एकटीने. आपलाच मोहल्ला. किराणावाले गुप्ता अंकल ओरडले, "आओ कलेक्टर साहिबा!" दोन दिवसांचं काम एका दिवसात, एकतीस फॉर्म. मॅडमनी सही करून मुख्य ऑफिसला पाठवले. म्हणाल्या, "शाबाश." आईला दोनदा सांगितलं.

१६ जून
आईसाठी तूरडाळ आणायला गेले. माझ्या पुढच्या बाईला अंकलनी एकशे चाळीस सांगितले. माझ्या फॉर्मवर एकशे पंचवीस. डाळ तीच, गोणी तीच.
"अंकल, मला तर..."
"अरे बिटिया, तुम तो घर की हो. तुमसे बाज़ार भाव लूँगा?"
मी म्हटलं, मी तर ऑफिससाठी विचारत होते. "तो ऑफिस भी घर का!"
इतक्या प्रेमाने म्हणाले की रागावू कुणावर? फॉर्मवर भाव हवा तो कुणाही अनोळखी गिऱ्हाइकाला सांगतील तो. मग शिंपी, चप्पलवाला, न्हावी, सगळीकडे जाऊन आले. सगळीकडे मी घरचीच.

१७ जून
ऑफिसमधल्या नेहाला सांगितलं, फॉर्म चुकलेत, वर कळवणार. ती म्हणाली, "पागल है क्या? एका मोहल्ल्याने काय होतंय? करार जाएगा तेरा." खरं आहे, जाईल. बाबांनी परवाच शेजारी सांगितलंय, पोरीची नोकरी पक्की होणार.
पण ती लिमावाली? तिने पाच दुकानं पालथी घातली असतील. तिच्या शर्टासमोर माझा लाडाचा भाव.

१८ जून
आज नेहाची मैत्रीण आभा, शहराच्या पलीकडच्या टोकाला मोरारमध्ये राहते, तिला माधवगंजात पाठवलं. तिला कुणी ओळखत नाही. दहा वस्तू विचारल्या, नऊ माझ्यापेक्षा महाग. दहावी मीठ, त्याच्या पुडीवर किंमत छापलेलीच.

१९ जून
सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सगळं ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "सही तो मेरी है. मैं लिख देती हूँ कि जाँच में चूक मुझसे हुई. तुम नई हो."
अशा आहेत त्या. मला माहीत होतं असंच म्हणतील. म्हणूनच त्यांच्याकडे जायच्या आधी, दहा वाजताच, मुख्य ऑफिसला मेल पाठवून दिला होता: एकतीसच्या एकतीस फॉर्म रद्द करावेत, चूक माझी, खाली माझं नाव.