सारख्या सुताचं गाव

बाई, काल नातीने मला एक कादंबरी वाचून दाखवली. पुढच्या काळातल्या कुठल्याशा देशाची गोष्ट. तिथलं सरकार सगळ्यांना बळजबरीने सारखं करतं. कोणी जरा हुशार दिसला की शिपाई दारात हजर. नात म्हणाली, आजी, भीती वाटते ना? मी हो म्हटलं, पण शिपायांची नाही वाटली. असं गाव उभं करायला बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी हात वर केले तरी पुरतं, हे मला आर्वीजवळच्या आपल्या शाळेत कळलं होतं. ते तुमच्यामुळे कळलं, म्हणून आज लिहायला बसले.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि समता हा शब्द आम्ही उठता-बसता वापरायचो. सूतकताईच्या तासाला टकळ्या घेऊन ओळीने बसायचो. जिचं सूत, तिला त्याचंच कापड विणून मिळायचं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीचा हात असा चालायचा की बघत राहावं. तिला आईसाठी लुगडं करायचं होतं. मी बालसभेची प्रमुख. मी ठराव मांडला की सगळ्यांत हळू कातणाऱ्या मुलीचं जेवढं सूत होईल तेवढंच सगळ्यांनी कातायचं. सगळ्यांचे हात वर गेले, मैत्रिणीचासुद्धा. मागे राहणाऱ्यांची आठवण ठेवलीस म्हणून तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात.

मग रोज तिचं काम लवकर संपे आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राही. मी तिच्यावर नजर ठेवी, प्रमुख होते ना! दोन आठवड्यांनी ती यायची बंद झाली. घरी गेले तर ती कपाशी वेचायला निघालेली. "तिथं माह्या हाताले कोणी थांब म्हनत नाई," एवढं बोलून चालती झाली.

मी रडत तुमच्याकडे आले. वाटलं, तुम्ही ठराव मोडाल. तुम्ही एक कोरी वही दिलीत आणि म्हणालात, हाच नियम पन्नास वर्षं चालला तर गाव कसं होईल, त्याची गोष्ट लिहून आण.

मी हौसेने लिहायला घेतली. माझ्या गावात सगळी घरं एका उंचीची, सगळ्यांच्या ताटात एकसारखी भाकर. मग गोड गळ्याच्या बाईला भजनात नुसते ओठ हलवायला लावलं. वैद्याला निम्मी औषधं विसरायला लावली. एक पोर लवकर वाचायला शिकलं, त्याची पाटी काढून घेतली. त्या पाटीपाशी माझाच हात अडला. गोष्ट पुढे जाईना. तशीच अर्धवट वर्गात वाचली. मुली आधी हसल्या, पाटीपर्यंत येईतो कोणी हसेना. मागे बसून तुम्ही विचारलंत, "या गावात मी कुठी आहो वं?"

मी वही चाळत राहिले. शिकवणारीला चार गोष्टी जास्त याव्या लागतात, आणि तशी बाई माझ्या गावात राहूच शकत नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. "टकळी सगळ्याइले भेटली पाह्यजे. सूत जिचं तिचं," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन मैत्रीण वेचायला जायची त्या शेतावर गेलात. ती परत आली. हळू कातणारीला शेजारी बसवून कापसाचा पेळू कसा धरायचा ते तिनेच शिकवलं. तिच्या आईने ते लुगडं सणाला नेसलेलं मी पाहिलंय. पुढे मीही शिक्षिका झाले आणि माझ्याहून हुशार पोरगी वर्गात आली की तुमची आठवण यायची. बाई, तुमचे उपकार फार आहेत.

हे पत्र जाणार कुठे? तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. म्हणून आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी शेतावरून परतताना तुम्ही विचारलं होतं, हा नियम पहिल्यांदा कोणाच्या मनात आला, त्या हळू कातणाऱ्या मुलीच्या का? मी हो म्हणून मान हलवली. तिला तर मी विचारलंही नव्हतं. माझं सूत सारखं तुटायचं, बाई, आणि मैत्रिणीचं तुटत नव्हतं.