पाठीवरचे पाच तळहात

मंगळवार पेठ, कोल्हापूर
आश्विन वद्य द्वितीया, शके १८७५

तीर्थरूप ताईस,
धाकट्या लीलेचा नमस्कार. अंबाबाईच्या कृपेनं मी ठीक आहे, तुझा गुडघा कसा आहे ते कळव. माझी पाठ थोडी भाजली होती, पण काळजी करू नकोस, आणि निपाणीहून मुद्दाम येऊ तर मुळीच नकोस (मोटारीत हल्ली धड बसायलाही मिळत नाही म्हणे).

झालं असं, की कढत पाण्यात गार घालून ते विसणून ठेवणं एवढं एकच घरकाम हे करीत. आता हे बदलीवर साताऱ्याला, वसंत शिकायला पुण्याला. मी स्तोत्र म्हणत न्हाणीत बसले आणि सवयीनं तांब्या पाठीवर ओतला. स्तोत्र मध्येच तोडायचं नाही, म्हणून फलश्रुती संपवली आणि मग ओरडले. (शेवटच्या ओळी देवालाही कळल्या नसतील, इतकी घाई केली.) शेजारची शालूबाई दूधवाली धावत आली, तिनंच टांग्यातून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण आणि भिडस्त. पडद्याबाहेरूनच म्हणाले, माणसाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगावरल्या कातडीचा साधारण शंभरावा भाग. किती तळहात भाजलंय ते सांगा, त्यावर औषध ठरेल. माझा हात मागं पोचेना. शालूबाईनं आपला हात वरून धरून मोजलं आणि ओरडून सांगितलं, तीन. डॉक्टर लिहायला लागले, तेवढ्यात ती पडद्याबाहेर आली. शेण्या थापून झालेला तो हात, ताई, परातीएवढा आहे. डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. हात रोग्याचाच हवा होता. मग माझा तळहात वर्तमानपत्रावर टेकवून तसा कागद कातरला आणि तो धरून पुन्हा मोजलं. पाच भरले. "वैनी, ह्यो हात हाय व्हय? बाहुलीचा हाय की," शालूबाई म्हणाली. तशा आगीतही मी हसले. (कुणाबरोबर हसून बरेच दिवस झाले होते.)

आता नवी कातडी आली आहे. तेव्हा येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझी
लीला

ता. क. त्या जागी रोज खोबरेल लावायला सांगितलंय. शालूबाई भुईमूग काढायला हातकणंगल्याला गेली. मी पळीला फडकं बांधून लावून पाहिलं. तेल भिंतीला लागलं.

आणखी एक. तो कागदाचा हात मी पंचांगात ठेवलाय. परवा वेळ जाईना, म्हणून सगळं अंग मोजून पाहिलं. शंभर काही भरले नाहीत, पाठीचे राहिले. त्याला दुसरं माणूस लागतं. लहानपणी कासार आपल्या दोघींना एकाच मापाच्या बांगड्या भरायचा, तेव्हा तुझा हात चालेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ये. पाणी मी विसणून ठेवते.