आरशातला नकाशा

३ फेब्रुवारी

चोर! दुसरा शब्द नाही.

आज साहेबांनी शेठसमोर बेटावरच्या रिसॉर्टचं डिझाइन मांडलं. माझं डिझाइन! वर्षभर त्यात डोकं घातलं होतं. साहेब म्हणतात, 'झोपताना मनात आलं, सकाळी कागदावर उतरवलं.' शेठ खूश. 'एसी न लावता खोल्या गार? वा!' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं एकट्याचं नाव.

मला जिन्यांचे कठडे दिलेत काढायला.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. 'अगं, मग तिथे तोंड उघडायचं ना! घरात तर कुणाला बोलू देत नाहीस.' बोलून काय होणार? ऑफिस त्यांचं, शेठ त्यांचा, शिक्का त्यांचा. दातओठ खाल्ले, जेवण तसंच राहिलं.

९ फेब्रुवारी

अंतिम नकाशे आज नीट पाहिले. हसू आवरेना — बाथरूममध्ये जाऊन हसून घेतलं!

डिझाइन माझं आहे हे ओळखू येऊ नये म्हणून साहेबांनी ते सरळ उलटवलंय. आरशात दिसावं तसं. समुद्र दक्षिणेला, तो दक्षिणेलाच राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलं!

त्या बेटावर वारा बारा महिने पूर्वेकडून. म्हणून मी मोठ्या खिडक्या पूर्वेला ठेवल्या होत्या. पश्चिमेला जाड, बंद भिंत, दुपारचं ऊन अडवायला. स्वयंपाकघर पार पश्चिमेच्या टोकाला, धूर बाहेरच्या बाहेर जावा म्हणून. आता खिडक्या उन्हाकडे, भिंत वाऱ्याकडे आणि स्वयंपाकघर वाऱ्याच्या तोंडाशी. भट्टी होणार, भट्टी! वर प्रत्येक पाहुण्याच्या उशीला तळणाचा वास.

नकाशा चोरला, तो का तसा आहे हे चोरायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी

नकाशे साइटवर धाडण्याआधी बैठक. 'कुणाला काही शंका?' साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मी म्हणाले, 'नाही साहेब. फार छान झालंय.'

इतकं गोड मी आईशीसुद्धा कधी बोलले नाही.

२० मार्च

कठड्यांच्या मापांसाठी बेटावर गेले. पाया भरलाय, भिंती अजून उठलेल्या नाहीत. पूर्वेच्या कडेला उभी राहिले. असा वारा! केस सगळे तोंडावर. माझ्या खोल्या पहिल्यांदाच जमिनीवर पाहत होते — एकेका खोलीत जाऊन उभी राहिले, वेड्यासारखी. रडू आलं.

अजूनही सांगता आलं असतं. खिडक्या इकडे, भिंत तिकडे, एवढंच. मुकादमाने विचारलंसुद्धा, 'मॅडम, काही बदल आहे का?'

'नाही. नकाशाप्रमाणेच करा.'

परतीच्या बोटीत वाईट वाटत होतं. धक्क्याला लागेपर्यंत राग परत आला.

१ जून

मासिकात साहेबांचा फोटो, पानभर. हसून घ्या!

२८ ऑगस्ट

छप्पर चढलं. दुपारी एका खोलीत शिरले आणि उभ्या उभ्या भाजून निघाले. गवंडी तिथे थांबतच नाहीत, डबा घेऊन बाहेर झाडाखाली बसतात. माझ्या जिवाला मात्र काय गारवा वाटला!

शेठला पत्ता नाही. तो सकाळच्या बोटीने येतो आणि ऊन चढायच्या आत परततो. पाहुणे थोडेच तसे परतणार आहेत? घामाघूम होऊन विचारतील, कोणी बांधलं हो हे? मग नाव निघेल. गावभर निघेल. खाई त्याला खवखवे. मी त्या दिवशी पेढे वाटणार आहे, कारण कुणाला सांगणार नाही.

१६ नोव्हेंबर

उद्घाटन परवा. साहेब हल्ली गप्प गप्प असतात. आज माझ्या टेबलापाशी थांबले. 'कठडे सुरेख झालेत. आईलाही घेऊन ये बेटावर.' आता लाडीगोडी! मी पाघळणाऱ्यातली नाही.

१८ नोव्हेंबर

फाटकाशी काळ्या दगडाची पाटी. पडदा ओढायला साहेबांनी मलाच पुढे ढकललं. 'संकल्पना आणि रचना' — खाली फक्त माझं नाव. दगडात खोल कोरलेलं. 'चुकलो मी. तुझं होतं, तुला परत केलं,' असं सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, खोटे नव्हते. आई तर रडायलाच लागली.

टाळ्या थांबल्यावर शेठ म्हणाला, 'चला मंडळी, जेवणं उरका आणि दुपारभर खोल्यांत मस्त आराम करा!'