एकाच हिरवळीच्या तीन नोंदी रद्द करून फरसबंदी थांबवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
मिळकत व मोकळ्या जागा विभाग,
नगर कार्यालय.

विषय: घरासमोरील हिरवळ एकच असल्याची नोंद करणे व तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आदेश मागे घेणे.

संदर्भ: पाणीपुरवठा शाखेचा उन्हाळी अहवाल, आरोग्य शाखेची पावसाळी नोटीस, बांधकाम शाखेचा त्यानंतरचा पंचनामा, आणि या तिन्हींवरून निघालेला आपला आदेश.

महोदय,

१. आमच्या पुढच्या दारापासून फाटकापर्यंत हरळीची हिरवळ आहे. ती मी लावली असून तिची निगाही मीच राखते. सासूबाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर, कठीण जमिनीवर त्यांना आधाराशिवाय चालू देऊ नये असे डॉक्टरांनी बजावले. घरात फरशी आहे आणि रस्त्यावर डांबर. कोणाचा हात न धरता त्यांना चालता येईल अशी जागा सध्या एवढीच आहे. आपल्या आदेशानुसार येत्या सोमवारी तिथे पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. म्हणून हा अर्ज.

२. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणीपुरवठा शाखेने बागांना पाणी घालण्यास मनाई करणारे पत्रक काढले. मी ते पाळले. पाणी तोडल्यावर हरळीची पाती पिवळी पडतात, पण जमिनीलगतची खोडे व मुळे जिवंत असतात. अशा वेळी तिला कापू नये, खत घालू नये, जीव आहे का हे पाहायला उकरू नये. पत्रक कोण पाळते हे तपासायला त्याच शाखेचे निरीक्षक आले. फाटकातूनच पाहून ते "गेली की हो बाई ही!" असे म्हणाले, आणि अहवालात "हिरवळ मृत, माती उघडी, धुळीचा उपद्रव" असे लिहून गेले. सासूबाई तेव्हा अंगणातच होत्या. कोण गेली, असे त्यांनी मला दोनदा विचारले.

३. या अहवालावर मी हरकत घेतली. हरकतीला पुरावा लागतो, असे आपल्याकडील आवक लिपिकांनी सांगितले. म्हणून विटेएवढा तुकडा मातीसकट काढून खोक्यातून आणून दिला. त्यांनी खोक्यावर शिक्का मारून तो खिडकीत ठेवला. सुनावणी पुढे पुढे जात राहिली. आवक लिपिक मायाळू आहेत. घरी जाताना बाटलीतले उरलेले पाणी ते नमुन्याला घालत. "या खोलीत एवढ्यालाच काय ती आशा आहे, ताई," असे ते मला म्हणाले होते. सुनावणीच्या दिवशी नमुना हिरवागार होता. मला वाटले, आता सांगण्यासारखे काही उरले नाही. निर्णय असा आला: नमुना हिरवा आहे, जागेवरील गवत पिवळे आहे, सबब नमुना सदर जागेतील नाही. नमुना बदलल्याबद्दल मला लेखी समज देण्यात आली. लिपिकांचा चेहरा एवढासा झाला, त्यामुळे मी तिथे पाण्याचा विषय काढला नाही. तो इथे प्रथमच नमूद करत आहे व त्यांच्यावर कारवाई होऊ नये अशी विनंती आहे. नमुना त्याच खिडकीत असून आता शेजारच्या फायलींकडे सरकू लागला आहे. तो कात्रीने कापावा, मात्र एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये.

४. पाऊस सुरू झाला आणि मृत हिरवळ उभी राहिली. ओल्या गवतावर कापणीयंत्र फिरवले तर पाती फाटतात, चाकांखाली माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून उघडीप मिळेपर्यंत मी थांबले. उघडिपीच्या आधी आरोग्य शाखा आली. त्यांनी "रानटी वाढ, डासांचा संभव" अशी नोटीस दिली. मेलेले गवत घोट्याच्या वर कसे वाढले, असे मी उन्हाळी अहवाल दाखवून विचारले. "ते त्यांचं खातं, हे आमचं," असे उत्तर मिळाले. त्यावर सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "मग ऊन कोणाच्या खात्यात येतं ते सांगा, सूनबाई तिथे अर्ज करील!" निरीक्षकांनी खरोखरच क्षणभर विचार केला, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते.

५. पाऊस सरल्यावर मी हिरवळीचे सगळे रीतसर केले. थोडी थोडी करत कापली. दाताळ्याने वाळका थर ओढून काढला. बागेच्या काट्याने भोके पाडून दबलेली माती मोकळी केली, वरून चाळलेले कुजके खत पसरले. रोज शिंपडा मारण्याऐवजी आठवड्यातून एकदा, सकाळी, मुळांपर्यंत पोचेल इतके पाणी दिले. यात माझी एक चूक झाली, ती म्हणजे हे सर्व साधले. बांधकाम शाखेच्या निरीक्षकांना रंग संशय येण्याइतका एकसारखा वाटला. विनापरवाना प्लास्टिकचे गवत अंथरल्याचा पंचनामा करताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "बाई, खरं सांगा, ही गुंडाळी आणलीत कुठून? आम्हालाही घरी हवी आहे." सासूबाईंना ते ऐकू गेले. "म्हणजे ही दर रविवारी प्लास्टिक कापत बसते होय रे? वेड लागलंय का तिला?" असे त्या म्हणाल्या. पंचनाम्यात एक ओळ वाढली: "नियमित कापणीचा देखावा केला जातो, असे घरातील ज्येष्ठ व्यक्तीने सांगितले."

६. तिन्ही कागद आपल्या विभागात एकत्र आले. मृत, रानटी आणि प्लास्टिकची हिरवळ एकाच जागी असू शकत नाही, हे आपल्या विभागाने अचूक ओळखले. त्यावरून या जागा तीन असल्याचे ठरले. माझ्या नावावर जागा एक आहे, सबब उरलेल्या दोन अतिक्रमित. आपले मोजणीदार त्या शोधायला आले. त्यांनी घरामागे, गॅरेजमध्ये आणि एकदा गच्चीवरही पाहिले. शेवटी "दोन हिरवळी सापडत नाहीत, अर्जदाराने हलवल्या असाव्यात" असा शेरा मारून ते गेले. त्या सापडेपर्यंत, जी सापडली आहे तिच्यावर ब्लॉक बसवावेत, असा आपला आदेश आहे.

७. महोदय, आपल्या विभागाच्या तर्कात मला दोष दिसत नाही. दोष त्याआधी धरून चाललेल्या गोष्टीत आहे. गवत वर्षभर एकसारखे दिसते, असे धरले गेले. ते तसे दिसत नाही. पिवळे पडणे, वाढणे आणि भरून येणे, ही एकाच हिरवळीची तीन ऋतूंतली वागणूक आहे. बारा महिने एकसारखे दिसतील ते फक्त ब्लॉक.

८. आदेश घरी आला तेव्हा तो सासूबाईंनीच वाचला. "मग आत बसेन, त्यात काय एवढं," असे म्हणून त्यांनी तो घडी करून मला दिला. त्या दिवसापासून त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारतात, आणि पुरे म्हटले तर ऐकू न आल्यासारखे करतात. खुबा पुन्हा मोडला तर या वयात दुसरी शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.

९. तरी सोमवारपूर्वी आपण स्वतः एकदा पाहणीस यावे, ही विनंती. फाटकातून पाहू नये, आत यावे. संध्याकाळी आल्यास सासूबाई चालत असतील. चालता चालता त्यांचा तोल जातो आणि त्या खाली बसतात. आपण उचलायला धावू नये, त्यांना ते आवडत नाही. त्या दोन्ही तळवे गवतावर टेकवतात आणि आपल्या आपण उठतात. तेवढा वेळ कृपया थांबावे. नंतर पाहणी सुरू करावी.

आपली वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
कोपऱ्यावरचे घर
बुधवार