नामशेष होण्याचा क्रम

३ जानेवारी
संकल्प : यंदा आमच्या वृंदगानाच्या ग्रुपमध्ये गोडगोड गाणी बंद. आता पर्यावरण. रचना मी स्वतः करणार. नाव ठरलं : 'शेवटचं तळं'. बाकी रचना व्हायची आहे, पण नाव दणदणीत आहे. मार्च अखेरीला टाउन हॉलमध्ये कार्यक्रम.
ग्रुपमध्येच गाणाऱ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी ग्रुप टिकवा, मग तळी टिकवा. ग्रुप टिकणारच. आठवडाभर मी विमा कंपनीत साहेबांच्या सहीसाठी ताटकळतो. गुरुवारी संध्याकाळी मात्र मी हात वर केला की वीस माणसं एकदम श्वास घेतात. ते सोडून माझ्याकडे दुसरं आहे काय?

९ जानेवारी, पहाटे
सुचलं! प्रत्येक गायक म्हणजे तळ्यातला एक जीव. तळं आटत जाणार, एकेक जीव नामशेष होणार. ज्याची पाळी येईल त्याने गाणं थांबवायचं, फाईल मिटायची आणि निघून जायचं. शेवटी नुसती शांतता. माझ्याच अंगावर काटा आला. हिला उठवून सांगितलं. तिच्या अंगावर आला नाही, झोपेत होती.

१५ जानेवारी
पहिली रिहर्सल. बेडूक डेंटिस्टबाईंना दिला. आधी तोंड वाकडं केलं. बेडूक दुसऱ्याच मिनिटाला जातो हे कळल्यावर एकदम खुलल्या. मिटवली फाईल, गेल्या घरी. भूमिकेशी किती समरस!

२२ जानेवारी
अपूर्व प्रतिसाद. सगळ्यांनाच आधी नामशेष व्हायचंय. केमिस्ट म्हणाला, दुकान उघडं टाकून येतो, मला डासाची अळी द्या, ती लवकर मरत असेल. टिटवी आणि पाणकोंबडी यांची तर जुंपलीच. दोघींच्या सासवा घरी एकट्या. मी शास्त्रीय पायावर क्रम लावून दिला. खंड्या माझ्याशी बोलत नाही. कलेसाठी एवढी चढाओढ आमच्याकडे कधी झाली नव्हती.

५ फेब्रुवारी
बेडूक गैरहजर. फोन केला. डेंटिस्टबाई म्हणाल्या, दोन मिनिटांसाठी कुठे गाडी काढू, नाहीतरी मी गेलेलीच असते ना. मुद्दा बिनतोड. बेडूक आधीच संपलाय असं धरून सुरुवात केली. उलट जास्त वास्तववादी वाटलं.

१२ फेब्रुवारी
नऊ जण. चहा-बिस्किटं ठेवून पाहिली. बिस्किटं संपली आणि पाठोपाठ चतुर, गोगलगाय, दोन्ही बगळे.
कीबोर्ड वाजवणारी शिक्षिका म्हणाली, सर, अधूनमधून एखादं जुनं हलकंफुलकं घेऊया का? लोक थांबतील. तिला पाऊण तास समजावलं की लोक न थांबणं हाच आपला विषय आहे. समजावून मागे वळलो तर खोलीत चौघं.

२६ फेब्रुवारी
केमिस्ट औषधाच्या ऑर्डरचं सांगून सटकला. उरले खर्जात गाणारे रिटायर्ड ड्राफ्ट्समनकाका, ही आणि शिक्षिका. काकांना ऐकू कमी येतं. त्यांचं कासव मेल्यावरही गातच राहिले. थांबा म्हणून हात केला तर त्यांना वाटलं, मोठ्याने. मग मोठ्याने. अख्खं तळं आटलं तरी कासव ठणठणीत! शेवटी मी रागावलो. काका टोपी घालून गेले. शिस्त म्हणजे शिस्त.

५ मार्च
शिक्षिका आली नाही. फक्त ही. परतताना म्हणाली, मीही आता येणार नाही. कारण विचारलं. म्हणाली, मला गायचं असतं हो. गप्प बसणं काय, ते मी घरीही करते.
कलावंत एकटाच असतो. आज मात्र जरा जास्तच होतो.

१२ मार्च
टाउन हॉलच्या मॅनेजरचा फोन. स्टेजवर किती माणसं? शेवटी एकही नाही, असं अभिमानाने सांगितलं. म्हणाले, आणि सुरुवातीला? मी म्हटलं, कळवतो. त्यांनी तारीख दुसऱ्या कुणाला तरी दिली. मोठ्या कामाला वेळ लागतो. पुढच्या वर्षी करू.

२६ मार्च
ही दर गुरुवारी कुठे जाते हे आज कळलं. शिक्षिकेच्या शाळेत, संगीताच्या वर्गात. मी मागोमाग गेलो. दाराच्या काचेतून पाहिलं तर अख्खं तळं आत! डेंटिस्टबाई पहिल्या रांगेत. काका मान हलवत. गात होते, हसत होते, आणि कुणीही घड्याळ बघत नव्हतं. वाईट वाटलं. खूपच वाटलं.
शिक्षिकेने पाहिलं आणि दार उघडलं. सर, या ना, खर्जात जागा आहे. काका सरकले. फक्त एकदा आवाज बघूया, म्हणाली. मी गायलो. आजवर मी नुसताच हात हलवत आलो होतो, त्यामुळे माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. वर्गात नुसती शांतता.
मग ती जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, सर, तुम्ही सध्या नुसते ओठ हलवा.
ही समोरच्या रांगेतून बघत होती. मी मन लावून हलवले.