प्रवाळातला शिंपला

१९ सप्टेंबर १९११, धुळे
भांडण! पितर चालू आहेत. ही सकाळीच म्हणाली— "अमावास्येला पितांबरचं पान वाढायचं का?" ताट सरकवून उठलो. वाढायचं नाही! पितांबरच्या कंपनीने आपल्या बुडालेल्या बोटीवरच्या माणसांना 'बेपत्ता' लिहिलं आहे, 'मृत' लिहिलेलं नाही. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी कोश उघडून स्वतः शिकलो. दोन शब्दांतला फरक मला कळतो. माझ्या पोराचं पान इतक्यात वाढू देणार नाही.

ती रडली नाही. ताट उचलून आत गेली.

२२ सप्टेंबर
पान वाढलं नाही. सून भागा दिवसभर परसातच. कुंकू लावते, पण आरसा घेत नाही. बोटाने कपाळ चाचपून लावते.

२ ऑक्टोबर
कापसाच्या जिनातून लौकर आलो. पितांबरचं प्रवाळ काढून बसलो. समुद्राच्या तळातली तार तुटली की ती वर ओढून सांधायची, हे त्याच्या बोटीचं काम. कराचीपुढे तीनशे वाव खोलातून तार काढली तेव्हा तिच्यावर हे झाड वाढलेलं होतं. गेल्या दिवाळीला धोतरात गुंडाळून आणलं त्याने. "नाना, यात काय काय राहतं ते तुम्हीच शोधा."

लोकांना प्रवाळ म्हणजे अंगठीतलं तांबडं पोवळं. हे पांढरं आहे, चुन्यासारखं. फांद्यांच्या बेचक्यांत शिंपले. एक पंख्याच्या आकाराचा, इतका पातळ की मागे धरलेलं बोट दिसतं. मुगाएवढा एक शंख, फांदीत खळगा करून बसलेला. आणखी एका शिंपल्याने तर अंगातून दोरे काढून स्वतःला फांदीशी बांधून घेतलं आहे. अजून बांधलेलाच आहे. तिथे उजेड पोचत नाही. अन्न वरून गळेल तेवढंच. तरी राहतात!

११ ऑक्टोबर
व्याही निंबा पाटील सोनगीरहून आले. ओट्यावर बसले ते सरळ बोलले— "नाना, माझी पोर तरणी शे. शिरपूरचा सुकदेव पाट लावायला तयार शे. चांगला माणूस, बायको वारली त्याची. पण तो किती थांबेल? तुम्ही पोराचं करून टाका, मंग ती मोकळी."

म्हटलं, करू कशाचं? प्रेत आहे?

"दर्भाचा पुतळा करतात ना. बठ्ठा गाव करतो."

"साऱ्या गावाने कोश वाचलेला नाही."

निंबा हसले. "कोशमा तुमना पोऱ्या सापडना का, नाना?"

मी उठून आत गेलो, भिंग घेऊन प्रवाळापुढे बसलो.

१९ ऑक्टोबर
भिंगाखाली हात थांबला! जाड बुंध्यात एक शिंपला पुरता गाडला गेला आहे. प्रवाळ त्याच्या अंगावरून वाढलं. पण तोंडाशी फट आहे, तांदळाच्या दाण्याएवढी, कड गुळगुळीत. म्हणजे आतला जीव पाणी ओढत होता, म्हणून प्रवाळाला तेवढी जागा सोडावी लागली. मेलेल्यासाठी फट कशाला राहील!

हिला दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाली— "मंग आपला पितांबर शे." मी हो म्हणालो. मी! ही भगताकडे दाण्यांचा कौल बघायला जाते म्हणून तिला जन्मभर हसलेला मी!

भागालाही सांगितलं. निंबांना निरोप धाडला— पुतळा होणार नाही.

२२ ऑक्टोबर
दिवाळी. दिवा एकच लावला.

१२ नोव्हेंबर
राहवलं नाही. बारीक करवतीने बुंधा कापला. शिंपला अखंड निघाला, दोन्ही झडपा मिटलेल्या. नखाने उघडला. आत राखी रंगाचा गाळ, ठासून भरलेला. बोटीवर आणल्यावर मेला असता तर वाळलेलं मांस असतं. गाळ आहे— म्हणजे खालीच मेला, केव्हाच. फट उरली ती गाळ शिरायला.

भागा दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं.

निंबांना पुन्हा निरोप.

३ डिसेंबर
पांझरेच्या काठी पुतळा झाला. दर्भ, पळसाची पानं, डोक्याला नारळ. भटजींनी डोळ्यांसाठी कवड्या काढल्या. मी प्रवाळातले दोन शिंपले पुढे केले.

"कवडीच लागते, नाना."

"हे त्याने आणलेत. हेच लागतील."

भटजींनी वाद न घालता ठेवले. खोलात डोळ्यांचा उपयोग नाही, पण असू देत. अग्नी मी दिला. शिंपला भाजला की चुना होतो. मी नदीकडे पाहत राहिलो.

२८ जानेवारी १९१२
भागाचा पाट शिरपूरला लागला. इथून निघताना ती पाया पडली. म्हणाली— "नाना, तुम्ही सांगितलं म्हणून जाते."

मीच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाचं तिने ऐकलं नसतं.

१ फेब्रुवारी
काही नाही. जिन, घर. ही बोलत नाही. भिंगावर धूळ.

९ फेब्रुवारी
खाजा टांगेवाला दारातूनच ओरडला— "नाना! भाहेर या! पितांबर उना शे!"

उतरला. काळवंडलेला, एक पाय ओढत. मकराणच्या कोळ्यांनी पाण्यातून काढलं म्हणे. पाय मोडलेला, वर ताप, कित्येक महिने तिकडेच पडून. ही त्याच्या तोंडावरून हात फिरवतच राहिली.

तो हातपाय धुवायला परसात गेला, आणि तिथून त्याने हाक मारली—

"भागा, पानी आन वं!"