रिकाम्या टोपलीचा खुलासा

तामसी,
बुधवार, सकाळ

श्रीमान व्याही चंपतराव आणि विहीणबाई यांना तामसीहून महिपतचा हात जोडून नमस्कार. (हात खरंच जोडले होते. मग लिहिता येईना म्हणून सोडले.) तुमच्या घरी लहानथोर सगळे खुशाल असावेत. चंपतराव, तुमच्या गुडघ्याला तिळाचं तेल लागू पडलं की नाही ते कळवा, नाहीतर मी इथल्या वैदूला विचारतो. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं पाहता रेणुका चार दिवसांपासून माझ्याशी बोललेली नाही. ती भाजीला मीठ विचारायचं झालं तरी भिंतीला विचारते. देवानंद तर मी जेवायला बसलो की उठून जातो.

पत्र लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. "महिपतराव, आमची पोरगी आमाले जड नाही झाली," एवढंच बोलून तुम्ही तो ठेवलात. त्यानंतर मी सतरा वेळा लावला, तुम्ही उचलला नाही. मयूरी नवऱ्याचाही फोन उचलत नाही. देवानंद मला म्हणाला, "बाबा, टोपली तुमी पाठवली, आता तुमीच निस्तरा." म्हणून निस्तरायला बसलो आहे. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर तो चढला तरी कोणाला ऐकू जात नाही.

तर चंपतराव, तुम्हाला शनिवारी बसने एक टोपली मिळाली. तिच्यात मयूरीची लग्नातली साडी, साडीवर खण, खणावर नारळ. दिवाळीला माहेरी गेलेल्या सुनेच्या मागे सासऱ्याने असलं काही पाठवलं तर त्याचा अर्थ आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मानाने बोळवण केली, आता परत येऊ नको. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो आणि फोनवर याहून वाईट बोललो असतो. पण त्या टोपलीत एक मांजर होती. म्हणजे असायला हवी होती. ती नव्हती, हाच सगळा घोळ आहे.

ही मांजर कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ती तुमच्याच घरची. लग्नात गाडी सुटता सुटता मयूरीच्या मांडीवर येऊन बसली आणि बाजारहत्नूर ते तामसी सगळा रस्ता माझ्याकडे बघत आली. तुमच्या लेकीने मांजरीचं नाव चिमणी ठेवलं आहे. (मांजरीला चिमणी म्हणणारी पोर पुढे घरात काय काय बदलेल, याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.) आमच्याकडे आजवर मांजरी झाल्या, नाही असं नाही, पण त्या मांजरीसारख्या राहायच्या. दिलं ते खायच्या, हाकललं की जायच्या. चिमणीला हाकलण्याचा अर्थच कळत नाही. काठी उगारली तर ती काठीशी खेळते.

सध्या वेचणीचे दिवस. वेचलेला कापूस वाळून विकायला नेईपर्यंत आम्ही पुढच्या खोलीत भरतो, तुमच्याकडेही तसंच असेल. यंदा ढीग आढ्याला टेकला. चिमणीने तो डोंगर पहिल्याच दिवशी आपल्या नावावर करून घेतला. पहाटे ती ढिगाच्या टोकावरून माझ्या पोटावर उडी मारते, पोटावरून रेणुकेच्या उशीवर, उशीवरून पुन्हा ढिगावर. एकदा मी डोळे मिटून फेऱ्या मोजल्या, एकोणीस भरल्या. दार लावलं की ओरडते. दार उघडलं की उंबऱ्यात बसते, आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही. तिला फक्त दारापाशी एक माणूस उभा हवा असतो, आणि तो मी असतो.

आणि आडवं जाणं! मी मांजर आडवी गेलेली मानतो, हे तुम्हाला माहीत आहे. (देवानंदसाठी मुलगी पाहायला तुमच्याकडे यायला दोन तास उशीर झाला होता तो त्याचमुळे. तेव्हा पंक्चरचं कारण सांगितलं होतं, ते खोटं होतं.) घरातच मांजर असल्यावर माणसाने बाहेर पडावं कसं? मी चप्पल घातली की ही डावीकडून उजवीकडे. मी परत आत येऊन बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं, की ही उजवीकडून डावीकडे. शेतावर पोहोचेपर्यंत वेचणाऱ्या बायांची भाकरीची वेळ झालेली असायची. मयूरी हसून म्हणायची, "मामाजी, ते तुमाले वाट दाखवून राह्यली." शेवटी शेजारच्या पांडुरंगरावांकडे गेलो. असल्या बाबतीत गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "महिपत, घरची मांजर आडवी जात नसते. ते आपल्या कामाले जाते." मला हा निकाल पटला नाही, पण तेव्हापासून शेतावर वेळेत पोहोचतो.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मयूरी तुमच्याकडे आली आणि चिमणीने सगळा राग माझ्यावर काढला. माझ्या बाजेवर बसू लागली. मला बसू देईना. चहाची बशी खाली ठेवली की तोंड घाली. मी मनाशी ठरवलं की या घरात एकतर महिपत राहील, नाहीतर चिमणी. मयूरीसमोर हे बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून तिच्या मागे उरकायचं ठरवलं. एवढी लबाडी मी केली आणि ती कबूल करतो. लोक मांजर पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडतात, तसं मात्र माझ्याने झालं नसतं. म्हटलं, आपल्या माहेरी जाईल, दूध-भाकर खाईल, मयूरीही तिथेच आहे.

शनिवारी रेणुका वेचणीला गेली तसा मी टोपली घेऊन बसलो. चिमणी काही केल्या टोपलीत टिकेना. मयूरीच्या कपड्यावर ती निवांत झोपते हे मला ठाऊक होतं. कपाट उघडलं आणि जी साडी हाताला मऊ लागली ती घेतली. ती लग्नातली आहे हे मला कसं कळणार? मला साड्यांत दोनच प्रकार कळतात, वाळत घातलेली आणि नेसलेली. साडीवर चिमणी लगेच गुरगुर करत बसली. मग मनात आलं, व्याह्यांकडे नुसती मांजर कशी पाठवायची? आपल्या घराण्यात रिकाम्या हाताने कोणी गेलेलं नाही. म्हणून देवघरातला नारळ आणि रेणुकेच्या पेटीतला एक खण ठेवला. वर झाकण, झाकणाला सुतळी, सुतळीला तुमच्या नावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी. चंपतराव, मी जे जे केलं ते मानपानासाठी केलं, आणि त्या मानपानानेच माझा घात केला.

बसजवळ कंडक्टर म्हणाला, "काय हाय यात?" म्हटलं, मांजर. म्हणाला, "बाई हाय का? मंग तिकीट नाही लागत, आधार कार्ड दाखवा लागते." (आपल्या तेलंगणात बायांना आधार कार्डावर बस फुकट, त्यावरून थट्टा.) सगळी बस हसली. मीही हसलो आणि त्याच्याशी बोलत राहिलो, टोपली पायापाशी ठेवून. तिकडे पाहायला हवं होतं. टोपली त्याच्या हाती देताना जरा हलकी वाटली. मी समजलो, काम झाल्यामुळे मन हलकं झालं असेल. घरी आलो तर चिमणी माझ्या बाजेवर पाय चाटत बसलेली! झाकण कडेने ढकलून ती माझ्या आधी घरी पोहोचली होती. बस तोवर गेली होती.

मी म्हटलं, रिकामी टोपली कंडक्टर कुठेतरी टाकून देईल. पण त्याने ती आदिलाबादला जपून बाजारहत्नूरच्या गाडीत चढवली, त्या गाडीवाल्याने तुमच्या दारात आणून दिली, नारळासकट. चोराने नेली असती तर माझा संसार वाचला असता. मी तुम्हाला तेव्हाच फोन करायला हवा होता, पण एका मांजरीकडून हरलो हे व्याह्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्या लाजेत दुपार गेली आणि संध्याकाळी तुमचा फोन आला.

चंपतराव, मयूरी परत येईल की नाही हे मला कळत नाही आणि त्याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. ती मला घरात रोज दोनदा तरी चुकीचं ठरवते, आणि तिच्याशी भांडल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. गेली दोन वर्षं या घरात मला उलट बोलणारं एक माणूस आहे, हे मला भाऊबीजेनंतर कळलं. काय वाटेल ते झालं तरी मी तिला घेऊन येणार. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारीन. पुन्हा नाही म्हणालात तर मी हट्टी माणूस आहे, हे तुमच्या लेकीकडून ऐकलंच असेल.

कळावे, राग सोडावा.
तुमचा चुकलेला व्याही,
महिपत

ता. क. पत्र पोस्टात टाकणार होतो. रेणुका चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पत्र काय पाठोता? पाय नाहीत का तुमाले?" आता बाजारहत्नूरच्या बसमध्ये बसलो आहे. टोपली मांडीवर आहे आणि यावेळी सुतळी चार पदरी आहे.

दुसरा ता. क. चार पदरी सुतळी पुरली नाही. तुमच्या दारासमोर उतरताच चिमणी सुटली आणि तुमच्या उघड्या दारातून सरळ आत गेली. आतून मयूरीची हाक आली, "आई, चिमणी!" मग ती हसली, मग बहुतेक रडली. आता ती विचारते आहे, "मामाजी कुठी हायेत?"

तिसरा ता. क. मामाजी तुमच्या कडुनिंबाखाली उभे आहेत. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरलो. विहीणबाईंनी मला पाहिलं आहे. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देतो. वर कितीही ठासून लिहिलं असलं तरी खरं सांगतो, मला आपल्या पायाने आत यायची हिंमत होत नाही. चंपतराव, ओट्यापर्यंत येऊन एकदा "या" म्हणा.